पोपटराव, मोरचूद आणि पाठ न होणारी केमिस्ट्री

प्रश्न : सर, मी तासगावचा. अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता सगळं इंग्रजीत. रिॲक्टिव्हिटी सिरीज, ॲनोड-कॅथोड, मार्कोव्हनिकॉव्ह, सगळ्याचा नुसता गोंधळ होतोय. क्लासमधल्या ट्रिक्स पण इंग्रजीच, मग ट्रिक पाठ करायलाच वेगळी ट्रिक लागते. काय करू?

उत्तर : अरे मग मराठीत बनव की, कोण अडवतंय! रिॲक्टिव्हिटी सिरीज, म्हणजे सगळ्यात जास्त क्रियाशील धातूपासून कमी क्रियाशीलपर्यंतचा क्रम, त्यासाठी हे घे, "पोपटराव सोमवारी कॅनॉलवर मॅच अडवून झोपले, आजीनं लेंगा हिसकावून कॉलर मुरगाळत सरळ गोठ्यात नेलं". पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक, आयर्न, लेड, हायड्रोजन, कॉपर, मर्क्युरी, सिल्व्हर, गोल्ड. वाक्य जेवढं येडचाप तेवढं डोक्यात बसतं, आणि स्वतः रचलेलं तर अजूनच, म्हणून माझं आवडलं नाही तर तुझ्या गावातली माणसं घालून दुसरं कर.

पण नुसता क्रम पाठ होऊन भागत नाही, तो कशासाठी आहे ते बघितलंस की पोपटराव विसरले तरी चालतंय. तू तासगावचा म्हणजे द्राक्षबागेत बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, कालवताना बघितलंच असशील, एक टक्क्याला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. झाल्यावर जाणती माणसं त्यात लोखंडी चाकू नाहीतर खिळा बुडवून बघतात, त्यावर तांबूस थर आला तर म्हणतात चुना कमी पडला, अजून घाल. तो तांबूस थर म्हणजे तांबंच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, लोखंड सिरीजमध्ये तांब्याच्या वर, म्हणून लोखंड द्रावणात उतरतं आणि तांबं बाहेर येऊन त्याच्यावर बसतं. चुना पुरेसा असला की मोकळं तांबं द्रावणात राहतच नाही, खिळा तसाच निघतो. बोर्डो लोखंडी पिंपात का कालवत नाहीत तेही यातच आलं. हेच तांब्याची तार झिंक सल्फेटमध्ये टाकून विचारलं तर काय होईल? काहीच नाही, कारण खालचा वरच्याला हाकलू शकत नाही.

ॲनोड-कॅथोड म्हणजे सेलमधले दोन इलेक्ट्रोड, त्यांचं सोप्पं आहे, ॲनोड आणि ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन सोडणं) दोन्ही स्वरानं सुरू होतात, कॅथोड आणि रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं) दोन्ही व्यंजनानं, म्हणजे ॲनोडवर ऑक्सिडेशन, कॅथोडवर रिडक्शन. फक्त याच्यात प्लस-मायनस घुसडू नको, कारण बॅटरीसारख्या सेलमध्ये ॲनोड मायनस असतो आणि इलेक्ट्रोलिसिसमध्ये (बाहेरून वीज देऊन पदार्थ फोडताना) प्लस, पोरं नेमकी इथंच मार्क घालवतात.

मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाला, म्हणजे डबल बाँडवर हायड्रोजन कुठं बसतो त्याला, "ज्याच्याकडं आहे त्यालाच अजून" एवढं पुरतं, म्हणजे डबल बाँडच्या ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत तिथंच नवीन हायड्रोजन जातो. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड टाकलं की मुख्यतः २-ब्रोमोप्रोपेन. असं का, तर हायड्रोजन टोकाला गेला की मधल्या कार्बनवर प्लस चार्ज येतो आणि तो टोकावरच्या चार्जपेक्षा जास्त स्थिर असतो. पेरॉक्साइड असलं की उलटं होतं, पण ते फक्त हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत, क्लोराइड-आयोडाइडला लावू नको. हा अपवाद ट्रिकमध्ये कोंबायचा नाही, वेगळा लिहून ठेवायचा.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे, आम्ही सांगलीत राहतो. पुस्तक हायलायटरनं रंगवलंय, चार-चार वेळा वाचते, घरी सगळं येतं पण टेस्टमध्ये कोरी. ट्रिक्स कमी पडतायत का?

उत्तर : ताई, ट्रिक्स नाही, आठवायचा सराव कमी पडतोय. परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. तिला सांगा वाचून झालं की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून लाल पेननं चुका बघायच्या. तोच नियम दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच मोजलं होतं आणि १८८५ मध्ये ते छापलं, विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जोरात होतं, नंतर हळू. म्हणून पहिली उजळणी लांबवायची नाही. आणि टेस्टच्या आदल्या रात्री जागरण तर अजिबात नको, पाठ केलेलं पक्कं व्हायला झोप लागते.