‘तसा बरा आहे’ हे पुण्यातच ठेवून या

ताई, नमस्कार.

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. यजमानांना कॅनडात, मिसिसागाला नोकरी लागतेय, ओंटारिओ प्रांताचं नॉमिनेशन (म्हणजे प्रांताची शिफारस) हातात आहे, पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, अर्ज भरायचाय. मुलगा २४ वर्षांचा. विसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, आता त्याच आजारावरच्या क्लोझापिन या औषधावर आहे. मध्ये सात महिने हिंजवडीत नोकरी करून बघितली, झेपली नाही. तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवताय. प्रश्न दोन: त्याला बरोबर नेता येईल का, आणि ‘तिकडे सरकार सगळं बघतं’ हे कितपत खरं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. सरकार बघतं, पण आपण दाखवू तेवढंच बघतं. आणि दाखवायची आपल्याला सवय नसते.

मी पुण्याच्या सहकारनगरची. २०१२ साली इथे, ओंटारिओत आले. माझी लेक इथे आल्यावर, २०१६ मध्ये, बाविसाव्या वर्षी आजारी पडली. त्यामुळे व्हिसाचा घोळ मी स्वतः निस्तरलेला नाही. तो इथल्या दोन मराठी घरांच्या अर्जांसोबत बसून शिकले. त्यानंतरचं सगळं मात्र घरचं आहे.

आधी व्हिसा. कॅनडात ‘डिपेंडंट चाइल्ड’ म्हणजे २२ वर्षांच्या आतला, अविवाहित. त्याहून मोठा मुलगा बसतो तो एकाच वाटेने: शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे तो स्वतःचं पोट भरू शकत नाही, आणि बाविशी पूर्ण होण्याआधीपासून आईवडिलांच्या पैशावर अवलंबून आहे. म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात मोलाचा कागद कोणता, तर विसाव्या वर्षीचा पहिला केसपेपर. तारखेसकट. ते सात महिने लपवू नका. नोकरी का सुटली, त्या काळात घरातून किती पैसे जात होते, डॉक्टरांनी तेव्हा काय लिहिलं, हे सगळं जोडा. ही एक गोष्ट मात्र लायसन्स असलेल्या इमिग्रेशन सल्लागाराकडून किंवा वकिलाकडून तपासून घ्या, माझ्यावर जाऊ नका. खोटी माहिती दिली किंवा दडवली असं ठरलं तर पाच वर्षं दार बंद होतं. आणि ‘आधी आपण जाऊ, त्याचं नाव नंतर घालू’ असा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. बरोबर येणारा असो वा नसो, प्रत्येक अवलंबून मूल अर्जात दाखवावंच लागतं.

दुसरी अडचण मेडिकलची. तिला इथे ‘एक्सेसिव्ह डिमांड’ म्हणतात: या माणसाच्या औषधपाण्याचा आणि सेवांचा सरकारी खर्च ठरावीक रकमेच्या वर जाणार असेल तर अर्ज नाकारता येतो, आणि एकाचा नाकारला की सगळ्या कुटुंबाचा. ती रक्कम २०२४ साली वर्षाला २६,२२० डॉलर होती, दरवर्षी बदलते. २०१८ मध्ये ही मर्यादा तिप्पट केली, त्यामुळे पूर्वीइतकं घाबरायचं कारण राहिलं नाही. नुसत्या निदानावर कुणी नाकारत नाही, हिशेब खर्चाचा असतो. म्हणून तुमच्या सायकिॲट्रिस्टकडून सविस्तर पत्र घ्या: औषधं कोणती, डोस किती, शेवटचं ॲडमिशन कधी, गेल्या दोन वर्षांत तब्येत कशी. शंका असेल तर इमिग्रेशनवाले पत्र पाठवून खुलासा मागतात, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

आता पुण्यातून काय आणायचं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहे म्हणालात, ससूनचं दिव्यांग प्रमाणपत्रही. आणा, पण त्यावरच्या टक्क्यांवर इथे काही मिळत नाही. चाळीस टक्के, पंचावन्न टक्के ही आपली भाषा. इथे विचारतात, रोजचं काय जमतं आणि काय जमत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रापेक्षा डिस्चार्ज समऱ्या, कॉलेजचं गॅप पडल्याचं पत्र, कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जास्त कामाचं. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर आत्ताच टाइप करून सही-शिक्का घ्या. आणि क्लोझापिनसाठी रक्ताचे सगळे रिपोर्ट, एकही न गाळता. इथे हे औषध घेणाऱ्याची नोंद ठेवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघायला पहिले २६ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, मग पंधरा दिवसांनी, वर्षानंतर चार आठवड्यांनी. पांढऱ्या पेशींचा जुना हिशेब दाखवता आला नाही तर पुन्हा आठवड्याच्या तपासणीपासून सुरुवात करायला लावू शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डोस परत साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवावा लागतो. तीन महिन्यांचं औषध जवळ ठेवा, प्रिस्क्रिप्शनसकट.

तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. राजीनामा देऊ नका. राजीनाम्याने मागची सगळी सेवा बुडते. वीस वर्षं झाली आहेत, तर स्वेच्छानिवृत्ती घ्या. २००५ च्या नोव्हेंबरआधी लागलेल्या असल्यामुळे तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात, आणि त्यात कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आणि मेडिकल बोर्डाचा दाखला पेन्शनच्या कागदांत आत्ताच लावून घ्या. तुमच्या पश्चात कोण हेलपाटे घालणार? ती रक्कम इथल्या मदतीतून वजा होईल, होऊ द्या. दोन आधार एकापेक्षा बरे.

निघण्याआधी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये एकदा जाऊन या. ती पुण्यात उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅल्गरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, म्हणजे हा रस्ता आपल्या माणसांनी आधीच तुडवलाय.

इथे उतरल्यावर पहिलं ओहिप, म्हणजे प्रांताचं हेल्थ कार्ड. डॉक्टर, हॉस्पिटल त्यात येतं, बाहेरची औषधं सरसकट येत नाहीत. पण २५ पूर्ण होईपर्यंत, खाजगी विमा नसेल तर, बहुतेक औषधं ‘ओहिप प्लस’मध्ये फुकट मिळतात. तुमचा मुलगा २४ चा आहे, म्हणजे पंचविसावा वाढदिवस ही तुमची डेडलाइन समजा. त्यानंतर ‘ट्रिलियम’ योजना आहे, तिच्यात घरच्या उत्पन्नाच्या सुमारे चार टक्के आधी आपण भरायचे. किंवा मग ओडीएसपी.

ओडीएसपी म्हणजे ओंटारिओची दिव्यांगांसाठीची मासिक मदत. पीआर असला, वय १८ च्या वर असलं, ओंटारिओत राहत असला की अर्ज करता येतो. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे तुमचा पगार धरत नाहीत, त्याचं उत्पन्न आणि मालमत्ता धरतात. एकट्या माणसाला मालमत्तेची मर्यादा ४०,००० डॉलर. इथे पुणेकर अडकतात! आजीने प्रेमाने फ्लॅटवर नातवाचं नाव लावलेलं असतं, आईने टॅक्ससाठी त्याच्या नावावर एफडी केलेल्या असतात. हे सगळं भारतातलं असलं तरी मोजलं जातं. नावं बदलायची घाई करू नका, तेही विचारतात. आधी सल्ला घ्या. आणि मृत्युपत्रात त्याला थेट काही ठेवू नका. ‘हेन्सन ट्रस्ट’ नावाची सोय याचसाठी आहे: पैसे विश्वस्तांच्या हातात राहतात, त्याच्या मालमत्तेत धरत नाहीत.

पैसे किती? एकट्याला महिन्याला जास्तीत जास्त साधारण १,४०० डॉलर. मिसिसागात एका बेडरूमचं भाडंच त्याहून जास्त आहे. आपल्याच घरात जेवूनखाऊन राहिला तर आणखी कमी देतात. म्हणून ‘सरकार सगळं बघतं’ हे डोक्यातून काढा. तरी अर्ज कराच, कारण या मदतीबरोबर औषधं येतात, दात-डोळ्यांचं थोडंफार येतं, आणि स्वतःच्या नावावर येणारे पैसे या मुलांना वेगळे वाटतात.

आमचा पहिला अर्ज २०१७ साली नामंजूर झाला, आणि तो मी नामंजूर करवला असं मी म्हणते. फॉर्मचं पुडकं मिळतं, ९० दिवसांत परत द्यायचं. एक भाग आरोग्याचा, तो डॉक्टर भरतात. एक रोजच्या जगण्याचा, तो सोशल वर्कर किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टही भरू शकतात. शिवाय अर्जदाराने स्वतःबद्दल लिहायचा भाग, ऐच्छिक. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक करते का? मी म्हटलं, हो, करते की. एकटी बाहेर जाते? जाते ना, लायब्ररीत जाते. घरातली कामं? मदत करते हो, तशी बरी आहे आता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वरणभाताचा कुकर तिने दोन महिन्यांत एकदा लावला होता आणि शिट्ट्या होत असताना झोपून गेली होती. लायब्ररीच्या दारापर्यंत मी सोडायचे. ऐच्छिक भाग आम्ही कोराच ठेवला. परक्या माणसापुढे पोरीचं उणं कशाला काढायचं, ही माझी अक्कल. पुढे लग्न ठरायचंय, हेही मनात होतंच, खोटं कशाला बोलू.

नामंजुरीचं पत्र आल्यावर फेरविचार मागायला ३० दिवस असतात, तिथेही नाही झालं तर ट्रिब्युनल. मी कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये गेले. कायद्याची मदत देणारी ही क्लिनिकं फुकट असतात, संकोच करू नका. तिथल्या बाईंनी माझा कागद वाचला आणि एवढंच विचारलं: “हे सगळं तुम्ही न सांगता ती आठवड्यातून किती वेळा करते?” मला उत्तर देता येईना.

त्या रात्री लेकीला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. तो कोरा भाग मी भरणार होते. ती म्हणाली, “आई, गेल्या महिन्यात मी अकरा दिवस अंघोळ केली नव्हती. ते लिही.” मी म्हटलं, “अगं, ते कशाला लोकांना.” तिने पेन माझ्या हातातून घेतलं. चार पानं लिहिली. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला माहीतच नव्हत्या: फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन उभी राहते, बसमध्ये कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटून उतरून जाते. फेरविचारात अर्ज मंजूर झाला.

म्हणून आजपासून एक साधी वही करा. तारीख, किती वाजता उठला, जेवण कुणी सांगितल्यावर झालं, गोळी कुणी हातात दिली, बाहेर गेला तर बरोबर कोण होतं. चांगला दिवसही लिहा. डॉक्टरकडे जाताना वही न्या, कारण त्यांच्यासमोर दहा मिनिटं ही मुलं अगदी व्यवस्थित बसतात, तुम्हाला माहीत असेलच. आणि वही मुलाला दाखवून लिहा, चोरून नको.

कारण इथे अर्जदार तो आहे, तुम्ही नाही. पुण्यात आई केबिनमध्ये जाऊन डॉक्टरांशी बोलते, मुलगा बाहेर बाकावर. इथे त्याची संमती नसेल तर डॉक्टर तुम्हाला काहीही सांगणार नाहीत. मी रिसेप्शनला उभी राहून रडलेय त्यावरून. तब्येत बरी असताना त्याच्याकडून संमतीपत्र आणि ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ करून घ्या, पैशांची वेगळी आणि तब्येतीची वेगळी. पैशांचा व्यवहार त्याला झेपत नसेल तर ओडीएसपीत ट्रस्टी नेमता येतो.

बाकीचं भरभर सांगते. टी२२०१ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेऊन ‘डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट’, म्हणजे दिव्यांगांची करसवलत, मिळवा. ते मंजूर झालं की दोन दारं उघडतात: जुलै २०२५ पासून सुरू झालेला कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट, महिन्याला जास्तीत जास्त साधारण २०० डॉलर, आणि आरडीएसपी हे दिव्यांगांसाठीचं बचत खातं, ज्यात सरकार स्वतः भर घालतं. त्यातली शिल्लक ओडीएसपीच्या मालमत्तेत मोजत नाहीत. भारतात मुक्काम करायचा असेल तर आधी ऑफिसला विचारा. तीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की ओडीएसपी थांबू शकतं, गणपती ते दिवाळी असा बेत जमत नाही.

आणि काम करू द्या. महिन्याला पहिल्या १,००० डॉलरच्या कमाईला ते हात लावत नाहीत. माझी लेक आठवड्यातून दोन दिवस रोपवाटिकेत जाते, दर महिन्याचा हिशेब स्वतः कळवते. कधी चुकते, मग पत्र येतं, मग आम्ही दोघी परत त्याच टेबलाशी बसतो.

सगळी फाइल आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये काही नको. आमची एक बॅग वाटेतच राहिली होती आणि सहाव्या दिवशी मिळाली. तिच्यात फक्त गोडा मसाला होता म्हणून बरं.