पहाटे तीनला जाग येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रात्री अकराला पडलो की झोप लगेच लागते. पण तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडतात आणि मग सातपर्यंत तळमळ. दिवसा किरकोळ वाटणारी गोष्ट त्या वेळी डोंगराएवढी का होते?

उत्तर : रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन, अशी चार ते सहा आवर्तनं होतात आणि गाढ झोप बहुतेक पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच उरकते. दिवसभर मेंदूत साचणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या रसायनामुळे झोपेचा दाब, म्हणजे झोपेची ओढ, तयार होतो. तीन वाजेपर्यंत तो बराच ओसरलेला असतो. पुढची झोप उथळ आणि स्वप्नांची. त्याच सुमारास कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मध्यरात्रीच्या तळातून वर चढू लागतं. त्यामुळे या वेळी जाग येणं हा बिघाड नाही. रात्रीत क्षणभर जाग सगळ्यांनाच अनेकदा येते, फक्त सकाळी आठवत नाही. बिघडतं ते त्यानंतर. घड्याळ पाहिलं, ‘आता तीनच तास उरले’ असा हिशेब केला, की छातीतली धडधड वाढते आणि परतीची वाट बंद होते.

आता डोंगराबद्दल. मेंदूतला अमिग्डाला धोका हुंगतो आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. झोप अपुरी असली की हा लगाम सैल पडतो. २००७ मधल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा नीट झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डाला सुमारे ६० टक्के जास्त चेतवला गेला. म्हणून पहाटे तीनला नोकरी, नातं, तब्येत यांबद्दल निघालेला कुठलाही निष्कर्ष दुपारी पुन्हा तपासल्याशिवाय खरा मानू नका.

उपाय सांगतो, पण तो नेटाने करावा लागतो. आधी दोन आठवडे रोज सकाळी अंदाजानेच लिहा : कधी पडलो, किती झोप झाली, कधी उठलो. समजा अंथरुणात आठ तास आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास, म्हणजे झोपेचा वाटा ६९ टक्के. आता अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा. सहाला उठायचं असेल तर बाराच्या आत पाठ टेकायची नाही. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. जाग आली आणि साधारण २० मिनिटं गेली असं वाटलं (घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा), तर खोलीबाहेर जाऊन मंद उजेडात काहीतरी संथ, कंटाळवाणं करा. डोळे मिटू लागले की परत या. झोपेच्या वाट्याची आठवड्याची सरासरी ८५ ते ९० टक्क्यांवर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. असं दर आठवड्याला. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली मात्र कधीही नेऊ नका.

पहिला आठवडा आधीपेक्षाही वाईट जातो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. तो दाब साचण्याचा काळ आहे. दुपारी झोपलात तर साचलेला दाब वाया जातो. या काळात लांब पल्ल्यावर वाहन चालवू नका. फेफरं, बायपोलर आजार (ज्यात कधी नैराश्य तर कधी अति उत्साहाचा उन्माद येतो) किंवा झोपेत चालण्याची सवय असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. आणि पहाटे जाग येण्यासोबत सकाळीच मन सगळ्यांत जड असणं, भूक मरणं, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं हे दोन आठवडे टिकलं असेल, तर हा नुसता निद्रानाश नसावा. मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आई आणि मावशी दोघींनाही डिप्रेशन आहे. मलाही होणारच का? जनुकांची चाचणी करून घेऊ?

उत्तर : ‘होणारच’ हा शब्द आधी काढून टाका. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के धरली जाते. याचा अर्थ तुम्हाला नैराश्य येण्याची शक्यता ३७ टक्के, असा नाही. समाजात माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांच्या फरकांचा, इतकंच तो आकडा सांगतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्य असेल तर धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, तरीही अशा घरांतली बरीच माणसं आयुष्यभर या आजारापासून दूर राहतात.

चाचणीचं विचाराल तर पैसे वाचवा. २००३ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाहक जनुकाचा एक आखूड प्रकार आणि आयुष्यातले आघात मिळून नैराश्य आणतात, असा निष्कर्ष खूप गाजला. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्याला आणि त्याच्यासारख्या इतर गाजलेल्या जनुकांना काहीच आधार मिळाला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या १०२ जागा हाती लागल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी चिमूटभर. त्यांची बेरीज करूनही एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

त्यापेक्षा घरातली माहिती जमवा : कोणाला, कितव्या वर्षी, कुठल्या औषधाने बरं वाटलं, कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, आणि विशेष म्हणजे कोणाला बायपोलर होतं का. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो आणि तिथे नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद भडकू शकतो. डॉक्टरांना हा कागद कुठल्याही जनुकचाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तुमच्यापुरतं म्हणाल तर झोप बिघडली की वाट पाहू नका. टिकून राहिलेल्या निद्रानाशाने पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि जनुकांना हात लावता येत नसला तरी झोपेला येतो.

प्रश्न : ताणाने मेंदू आकसतो असं वाचलं. ते भरून येतं का?

उत्तर : बरंचसं, हो. हिपोकॅम्पस हा भाग आठवणी जपतो आणि ‘आता पुरे’ असं सांगून कॉर्टिसॉलला लगामही घालतो. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं की इजा नेमकी इथेच होते, लगाम आणखी ढिला पडतो आणि चक्र फिरत राहतं. मात्र ‘आकसणं’ म्हणजे पेशी मरणं नव्हे. उंदरांना तीन आठवडे रोज ताण दिला, तेव्हा हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या छाटल्यासारख्या झाल्या आणि ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढल्या. अमिग्डालात उलट घडलं : तिथे फांद्या वाढल्या आणि ताण संपून तीन आठवडे झाले तरी तशाच राहिल्या. उंदरांवरून माणसांबद्दल जपूनच बोलावं, पण वाईट काळ सरल्यावरही दचकणं, धास्ती मागे का रेंगाळते, याचा एक धागा इथे सापडतो. ‘आता तर सगळं ठीक आहे, मग अजून घाबरतेस काय’ असं कोणाला म्हणण्याआधी हे आठवावं.

व्यायामाने फायदा होतो. वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्या वयस्कर लोकांच्या हिपोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्के वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आकारातली वाढ दिसली नाही. मूड सुधारतो याचे पुरावे मात्र भक्कम आहेत.

प्रश्न : झोपेआधी थोडी दारू घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. झोप लवकर लागते, पण दारू उतरू लागली की उत्तररात्री ती तुटते. कॉफीचंही सांगून ठेवतो : पाच-सहा तासांनी तिच्यातलं निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं. दुपारनंतर नको.

प्रश्न : ताण मोजायला कॉर्टिसॉलची रक्तचाचणी करावी का?

उत्तर : कॉर्टिसॉल जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं आणि मध्यरात्री तळाला. एका नमुन्यावरून ताण कळत नाही. ती चाचणी ग्रंथींच्या आजारांसाठी आहे. सतत थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहा, आणि घोरताना श्वास अडकतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

प्रश्न : धाकटा भाऊ चार दिवस जेमतेम तीन तास झोपतोय, तरी एकदम तरतरीत. खूप बोलतो, मोठमोठ्या योजना, खर्चही वाढलाय. महिन्यापूर्वी त्याला नैराश्याची गोळी सुरू झाली. बरा होतोय असं समजायचं का?

उत्तर : नाही, हे तातडीचं आहे. निद्रानाश झालेला माणूस दमलेला असतो. कमी झोपूनही न दमणं ही उन्मादाची ठळक खूण आहे. आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करून तुम्ही इथे लिहिलंय तसंच सांगा. गोळी थांबवायची का, हे तेच ठरवतील. स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका. तोवर संध्याकाळपासून घरात उजेड आणि आवाज कमी ठेवा, गर्दी टाळा, कॉफी-दारू पूर्ण बंद. गाडीची किल्ली आणि बँकेची कार्डं गोडीने ताब्यात घ्या. त्याच्या योजनांवर वाद घालू नका, त्याने तो आणखी पेटेल. भ्रम, मारहाण किंवा मरणाची भाषा सुरू झाली तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या, आणि जाताना औषधांची पाकिटं सोबत घ्या.