मासा मोठा झाला, टाकी लहान पडली : दोष कोणाचा?

शोभेच्या माशांविषयी मला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी सतत विचारला जातो. घरी आणलेला मासा आपल्या टाकीला मुळीच योग्य नव्हता हे उशिरा कळले, तर जबाबदार कोणाला धरायचे, विकणाऱ्याला की विकत घेणाऱ्याला? त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आमच्या दोन फुटी टाकीसाठी आम्ही ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चार मासे घेतले. तेव्हा ते बोटाएवढे होते. आता दोनच उरले आहेत आणि ते वीतभराहून मोठे झाले आहेत. रात्री दिवा लावला की काचेवर धडका मारतात. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.’ चूक आमची का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : आपल्याकडच्या दुकानांत ‘शार्क’ या नावाने जो मासा विकला जातो, त्याचा शार्कशी काहीही संबंध नाही. तो पंगास, म्हणजे आग्नेय आशियातील मेकाँगसारख्या मोठ्या नद्यांतला मासा. आंध्र प्रदेशातील तळ्यांत तोच खाण्यासाठी वाढवला जातो आणि हॉटेलांत ‘बासा’ म्हणून आपल्या ताटात येतो. निसर्गात तो एक मीटरहून लांब वाढतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरूनही सुमारे ५६ लिटर पाणी मावते. हा थव्याने दूरदूर पोहणारा आणि चटकन बिथरणारा मासा तेवढ्या जागेत धड वळूही शकत नाही. एका परिचितांच्या घरी मी असा मासा जवळून पाहिला आहे. दाराची कडी वाजली तसा तो एका टोकापासून सुटला, समोरच्या काचेवर आदळला आणि झाकणाखालून पाणी बाहेर उडाले. त्याच्या तोंडाचे टोक झिजून पांढरे पडले होते, कारण तो रोज तिथेच आपटत होता.

तुमच्या प्रकरणात मुख्य दोष दुकानदाराचा आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. त्याने हा मासा शेकड्यांनी विकला आहे, त्याचे घाऊक व्यापारी त्याला ठाऊक आहेत आणि मासा केवढा होतो हेही त्याला ठाऊक आहे. तुम्ही तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिलात. ज्याला विषय माहीत नाही त्याला नेमके काय विचारायचे हेही माहीत नसते. म्हणूनच ‘तुमची टाकी केवढी आहे?’ हा पहिला प्रश्न विकणाऱ्यानेच विचारायला हवा. त्यात माशाला दुसऱ्याच प्राण्याचे आकर्षक नाव दिले की ग्राहकाने घरी जाऊन शोध घ्यायचा म्हटले तरी त्याला खरी माहिती सापडत नाही. तुमचा वाटा आहे तो इतकाच की, समोरचे पिल्लू मोठे झाल्यावर केवढे होईल, हे विचारायचे राहून गेले.

याच संदर्भात काउंटरवर हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याविषयी लिहिले पाहिजे. ‘मासा टाकीएवढाच वाढतो, काळजी करू नका.’ हे खरे नाही. कोंडलेल्या, अस्वच्छ पाण्यात माशाची वाढ खुंटते, कधी पाठीचा कणा वाकतो आणि त्याचे आयुष्य घटते. जागा पाहून मासा स्वतःला बेतून घेत नाही, तो आजारी असतो. हे वाक्य सांगून मासा विकणाऱ्याने आपली जबाबदारी टाळलेली नसून उलट वाढवली आहे, कारण मौन आणि चुकीचे आश्वासन यांत फार अंतर आहे.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला टाकी, फिल्टर, रेती आणि बारा मासे असे सगळे एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतले. दहा दिवसांत नऊ मासे गेले. दुकानदाराने ‘तुमच्याकडचे पाणी खराब आहे’ असे सांगून आणखी सहा मासे घ्यायला सुचवले. (सोलापूर)

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे पत्र हेच आहे, कारण हा प्रकार रोज घडतो आणि तो सहज टाळता येण्याजोगा आहे. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि रेतीवर जिवाणूंची वस्ती असते. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बारा मासे आपल्याच उत्सर्जनात राहतात. अमोनिया त्यांचे कल्ले पोळतो, नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. पाणी मात्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, त्यामुळे घरातल्या कोणाला शंकाही येत नाही.

ही गोष्ट व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तेव्हा टाकी आणि बारा मासे एकाच दिवशी विकणे ही पूर्णपणे दुकानदाराची चूक आहे आणि नऊ मासे मेल्यावर त्याच पाण्यात सोडण्यासाठी आणखी सहा विकू पाहणे ही त्याहून मोठी. त्याने करायला हवे होते ते फार अवघडही नव्हते. टाकी आज द्यायची, मासे काही आठवड्यांनी आणि तेही दोन-तीनच द्यायचे, आणि स्वतःच्या निरोगी, चालू टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा सोबत द्यायचा, म्हणजे जिवाणूंचे विरजण मिळते. तुम्ही आता नवे मासे घेऊ नका. उरलेल्या तिघांना अगदी थोडे खाणे द्या, रोज पाव टाकी पाणी बदला आणि नळाचे पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच वापरा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मुलाला या कामात सोबत घ्या. मासे त्याच्यामुळे मेले असे त्याला वाटत असेल, तर तसे नाही हे त्याला आवर्जून सांगा.

प्रश्न : अशा वेळी कायदा काही करू शकतो का, की ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीच अंतिम? (नाशिक)

उत्तर : पाटी अंतिम नाही. कायद्याच्या दृष्टीने विक्रीतला मासा हा माल आहे आणि त्याच्या विक्रीला १९३० चा मालविक्री अधिनियम लागू होतो. या अधिनियमाचा सर्वसाधारण नियम ‘ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे’ असाच आहे. परंतु त्याच्या कलम १६ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपल्याला वस्तू कशासाठी हवी आहे हे ग्राहकाने विक्रेत्याला कळवले असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून असेल आणि तशा वस्तू विकणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर ती वस्तू त्या कामासाठी वाजवीपणे योग्य असली पाहिजे, अशी अट विक्रीत गृहीत धरली जाते. म्हणजे ‘माझी टाकी दोन फुटी आहे, त्यात गप्पी आहेत, त्यांच्याबरोबर राहील असा मासा द्या’ हे वाक्य तुम्ही उच्चारलेत की योग्य मासा देण्याचा भार दुकानदाराकडे जातो. ते वाक्य व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलेत किंवा बिलावर टाकीचे माप लिहून घेतलेत, तर पुरावाही राहतो. बिल मागाच, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील. आजारी मासा सदोष ठरेल हे उघड आहे. निरोगी पण अयोग्य माशासाठी मात्र कलम १६ चा आधार अधिक बळकट वाटतो.

दुसरा कायदा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६० चा. त्यात ‘प्राणी’ या शब्दात माणसाखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो, अर्थात मासाही. कलम ३ म्हणते की प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या कल्याणासाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत. कलम ११ नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात किंवा पात्रात कोंडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, यावरून हा कायदा किती जुना झाला आहे ते दिसते. परंतु त्यातले तत्त्व मला पटते. मासा दुकानात आहे तोवर दुकानदार आणि पिशवी तुमच्या हातात आली की तुम्ही. फसवणूक झाली असली तरी घरी आलेल्या जिवाची काळजी थांबवता येत नाही.

केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यालये व शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले होते. गोल भांड्यांत मासे ठेवायला त्यांत मनाई होती. पुढे ते नियम मागे घेतले गेले. त्यांतल्या काही तरतुदी अव्यवहार्य होत्या हे मान्य करूनही, किमान गोल भांड्यांबद्दलची मनाई टिकायला हवी होती, असे मला वाटते. इटलीत रोम शहराने २००५ मध्येच तशी बंदी घातली आहे.

प्रश्न : मी स्वतः दुकान चालवतो. ‘हा मासा तुमच्या टाकीत राहणार नाही’ असे सांगितले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन तोच मासा घेते. भाडे मलाही भरायचे आहे. मी काय करावे? (पुणे)

उत्तर : तुम्ही हे लिहिलेत याबद्दल आभार. तुम्ही स्पष्ट सांगितल्यानंतरही जो तोच मासा घेऊन जातो, किंवा टाकी दोन फुटी असताना चार फुटी असल्याचे सांगतो, त्याच्या बाबतीत दोष सर्वस्वी त्याचा आहे. तुमचा नाही.

तरी काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. प्रत्येक टाकीवर किमतीच्या शेजारी ‘पूर्ण वाढ’ आणि ‘किमान टाकी’ असे दोन आकडे लिहा. सकरच्या टाकीवर ‘४० सेंमी’ असे दिसले की ‘काच साफ करणारा’ म्हणून दोन इंची पिल्लू मागणारे अनेकजण आपणहून थांबतात. तोंडी सल्ला गिऱ्हाइकाला अपमान वाटू शकतो, पाटी तसे वाटू देत नाही. रेडटेल कॅटफिश, अॅलिगेटर गार, अरोवाना असे मोठे मासे दुकानात तयार ठेवू नका. टाकीचा फोटो आणि माप पाहिल्यानंतरच ते मागवून द्या. नाही म्हणताना लगेच दुसरे काही पुढे करा : शार्क मागणाऱ्याला रोझी बार्बचा थवा दाखवा, सकर मागणाऱ्याला जेमतेम चार-पाच सेंमी होणारा ओटो दाखवा. ज्याचे मासे जगतात तो खाणे, स्पंज, औषधे आणि पुढची मोठी टाकी घ्यायला वर्षानुवर्षे येत राहतो. ज्याचे मासे मरतात तो टाकी माळ्यावर टाकतो आणि तुमच्याकडे पुन्हा फिरकत नाही. शेजारच्या दुकानदारांशीही एकदा बोलून पाहा. एका रस्त्यावरच्या चार दुकानांनी अॅलिगेटर गार ठेवायचा नाही असे ठरवले, तर गिऱ्हाइकाला जायला शेजारचे दुकान उरत नाही.

प्रश्न : वास्तुशास्त्राप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगितले आहेत. आमची टाकी दीड फुटाची आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : श्रद्धा तुमची आहे, तिच्यात मी पडत नाही. परंतु गोल्डफिश १५ ते २० सेंमी आणि काही प्रकार त्याहूनही मोठे होतात, त्यांचे उत्सर्जन फार असते आणि नीट सांभाळले तर ते दहा वर्षांहून अधिक जगतात. नऊ गोल्डफिशना चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २५५ लिटरची टाकी आणि दमदार फिल्टर लागेल, आणि तीही कशीबशी पुरेल. सल्ला देणाऱ्याने टाकीचे माप विचारले नसेल, तर जबाबदारीत त्याचाही वाटा आहे. दीड फुटी टाकीत एकही गोल्डफिश ठेवू नका.

प्रश्न : आमचा सकर फूटभर झाला आहे. दुकानदार परत घेत नाही. जवळच्या तलावात सोडला तर निदान मोकळा तरी राहील ना? (कोल्हापूर)

उत्तर : कृपया सोडू नका. येथे दुकानदाराकडे बोट दाखवण्यास जागा नाही. तलावात मासा सोडणाऱ्या हाताचीच ती जबाबदारी आहे. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या चिलखती अंगाला आपल्याकडचे शिकारी मासे फारसे तोंड लावत नाहीत, तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात तो आज पसरलेला आहे. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार सापडला. तो उत्तर अमेरिकेतला मासा आहे, तेथवर पोहत आलेला नाही.

दुकानदार पैसे परत करणार नसेल तर पैसे मागू नका, फक्त मासा ठेवून घ्या म्हणा. बरेचजण याला तयार होतात. तो नाहीच म्हणाला तर मासे पाळणाऱ्यांच्या स्थानिक गटांत चार फुटी टाकी असलेला कोणी शोधा. महिना-दोन महिने लागतील, तोवर त्याला काकडीच्या चकत्या आणि पाण्यात बुडणाऱ्या गोळ्या द्या, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. नेताना जाळी वापरू नका, त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना पर फाटतात. झाकणाची वीस लिटरची बादली अर्धी टाकीच्याच पाण्याने भरा, मोठ्या भांड्यात घेऊन त्याला पाण्यासकट तिच्यात उतरवा, झाकणाला भोके पाडा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा. झाकण दोरीने बांधायला विसरू नका.