चाइल्डमधला डेटा पॅरेंटला कसा द्यायचा

अरे, रिअॅक्टमध्ये (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पेज कंपोनंट नावाच्या तुकड्यांनी बनतं, बाहेरचा तो पॅरेंट, त्याच्या आतला तो चाइल्ड. डेटा वरून खालीच येतो, प्रॉप्समधून, म्हणजे पॅरेंट चाइल्डला देतो त्या व्हॅल्यूंमधून, चाइल्ड स्वतःहून वर काही ढकलू शकत नाही. मग करायचं काय, तर पॅरेंटमध्येच फंक्शन लिहायचं, ते प्रॉप म्हणून खाली द्यायचं आणि चाइल्डने ते व्हॅल्यू घालून कॉल करायचं, बस. समज सर्चबॉक्स चाइल्ड आहे, तर त्याला ऑनसर्च नावाचा प्रॉप दे, टाइप केलं की इनपुटच्या ऑनचेंजमध्ये (टेक्स्ट बदललं की हे चालतं) ऑनसर्चला टेक्स्ट दे, आणि पॅरेंट सेटस्टेटने ते त्याच्या स्टेटमध्ये, म्हणजे कंपोनंट लक्षात ठेवतो त्या डेटामध्ये, ठेवून घेईल.

एक गोष्ट मात्र नीट बघ, ऑनचेंज असो की बटणाचं ऑनक्लिक, त्याला फंक्शन द्यायचं असतं, नावापुढे कंस लावून तिथेच कॉल करायचं नसतं, नाहीतर रेंडर होतानाच, म्हणजे रिअॅक्ट कंपोनंट दाखवायला तयार करत असतानाच, ते चालतं, त्यात स्टेट बदलत असेल तर परत रेंडर, परत कॉल, आणि शेवटी टू मेनी रीरेंडर्सचा एरर येतो. व्हॅल्यू पाठवायची असेल तर अॅरो फंक्शनमध्ये गुंडाळ.

आणि तीच व्हॅल्यू चाइल्डच्या स्टेटमध्ये पण, पॅरेंटच्या पण, आणि मध्ये यूजइफेक्ट (रेंडरनंतर कोड चालवणारं) लावून सिंक, हे प्लीज करू नकोस, बग शोधताना जीव जातो. स्टेट पॅरेंटमध्येच ठेव. रिअॅक्टऐवजी व्ह्यू हे दुसरं फ्रेमवर्क वापरत असशील तर तिथे याच कामाला एमिट आहे, चाइल्ड त्याने पॅरेंटला इव्हेंट पाठवतो.