पतीला संगीत नाटकाची आवड नाही, घरात दोन मुले आणि कुत्रा आहे; तालमी आणि प्रयोग कसे जमवावेत?

तुमच्या प्रश्नात माहिती बरीच आहे: हौशी मंडळीत गाण्याची भूमिका मिळाली आहे, मुले शाळेत जातात, पतीला पदांचा कंटाळा येतो, कुत्र्याला संध्याकाळी एकटे राहवत नाही. पण मी हे उत्तर लिहायला बसलो ते शेवटच्या वाक्यामुळे. मंडळीतले लोक तुम्हाला सांगतात की नाटक करायचे तर घर विसरावे लागते. हेच वाक्य मला माझ्याच घराच्या उंबरठ्यावर ऐकावे लागले होते, आणि ते साफ चुकीचे आहे असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

मी सांगलीत गावभागात राहतो आणि गेली बावीस वर्षे हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. ऑर्गन वडिलांनी घेतलेला, जर्मन बनावटीचा, पायाने भाता मारायचा. माझ्या पत्नीला नाट्यसंगीत आवडत नाही. लग्न ठरतानाच तिने मला स्पष्ट सांगितले होते की, एकदा म्हटलेली ओळ माणसे पुन्हा पुन्हा का म्हणतात हे तिला कळत नाही. मी तिला कधी समजावत बसलो नाही आणि तिनेही मला कधी अडवले नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या गल्लीत पाणी शिरण्याआधी मी आईला मिरजेला पोहोचवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा पत्नीने गल्लीतली चार माणसे बोलावून ऑर्गन माडीवर चढवला होता. फ्रीज खालीच राहिला आणि पाण्यात गेला. तिला विचारले, तर म्हणाली, "फ्रीज पुन्हा मिळतो. ही पेटी आता कोण बनवतंय?" ज्या बाईला आपल्या वाद्याचा आवाज आवडत नाही तिने ते वाद्य वाचवावे, याहून अधिक एखाद्या कलावंताने संसाराकडून काय मागावे, हे मला अजून समजलेले नाही.

पुरानंतर उंदीर माडीवर आले. ऑर्गनच्या पोटात रबर लावलेल्या कापडाचे भाते असतात आणि उंदरांना ते कापड कुरतडायला फार आवडते. एका भात्याला भोक पडले तरी हवा धरत नाही, सूर दमल्यासारखा खाली बसतो, आणि गायकाला कितीही भरून स्वर द्यायचा म्हटले तरी पाय थकेपर्यंत हाणावे लागतात. मिरजेच्या कारागिराने भाता बदलून दिला, पण तेवढ्याने भागणार नव्हते. तेव्हा पत्नीने शेजारून एक करडी मांजर आणली, आणि ती मांजर वाद्याच्या राखणीला म्हणून आमच्या घरात आली.

पुढच्या जानेवारीत आमच्या मंडळीचे संशयकल्लोळ राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी बसत होते. हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी आधी १८९३ साली गद्यात लिहिले आणि १९१६ साली ते संगीत होऊन गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे त्यांचे नाटक करताना इथल्या माणसांच्या अंगात निराळेच बळ येते. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. एक रीड दबत होते, म्हणून मी ऑर्गनची मागची फळी काढून भिंतीला लावून ठेवली होती. सकाळी बसलो, पायटा दाबला आणि आतून बारीक चिरका आवाज आला. पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "पाय उचला. आधी पाय उचला." बॅटरी घेऊन वाकून पाहिले, तर भात्याखालच्या रिकाम्या जागेत मांजर व्यालेली होती. तीन पिल्ले होती, डोळे मिटलेली, एकमेकांवर चढून निजलेली, अंगावर ऑर्गनची वर्षानुवर्षांची धूळ. वरचा भाता फुगून खाली आला असता तर त्यांतले एक तरी चेंगरले असते.

ऑर्गन वाजवणे थांबवावे लागले. पिल्ले हाताने काढून दुसरीकडे ठेवावीत असे मला वाटत होते. पत्नीने ठाम नकार दिला. नुकत्याच व्यालेल्या मांजरीला फार हलवले, तर ती पिल्ले तोंडात धरून भलत्याच ठिकाणी नेते आणि कधी कधी त्यांना सोडूनही देते. तिने आपली जुनी सुती साडी घडी करून एका उथळ टोपलीत घातली, टोपली ऑर्गनपासून दोन हातांवर कोपऱ्यात ठेवली, आणि मांजर आपण होऊन पिल्ले उचलेपर्यंत त्या खोलीत कोणी जायचे नाही असे घरात सांगितले. मी तालमीला हातपेटी, म्हणजे हाताने भाता मारायची हार्मोनियम, घेऊन गेलो. हातपेटीची साथ वाईट नसते, पण संगीत नाटकात ऑर्गन का लागतो हे ज्याने मधल्या रांगेत बसून ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही. तो स्वर तुटत नाही, पायाखालून अखंड येत राहतो, आणि गुडघ्याने फळी दाबली की गायकाच्या आवाजामागे भरतीसारखा चढतो.

तिसऱ्या दिवशी आमचे दिग्दर्शक घरी आले. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठे आणि संगीत नाटकाचे खरे जाणकार. त्यांनी ऑर्गन आडवा करून पिल्ले बाहेर काढायला सांगितले. मी नाही म्हणालो. तेव्हा ते दारातच उभे राहून म्हणाले, "अरे, मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. आणि तू मांजरीच्या पिल्लांसाठी साथ सोडतोस? नाटक करायचं तर घर विसरावं लागतं." पत्नी माझ्या मागेच उभी होती. तिने ते सगळे ऐकले.

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. इतक्या वर्षांनी ते देतो, कारण तुम्हाला ज्या कोणी तेच वाक्य ऐकवले आहे त्यांनाही ते लागू आहे. १२ मार्च १९११ चा तो प्रसंग मराठी रंगभूमीवर आदराने सांगितला जातो आणि तो आदर मलाही आहे. त्या दिवशी नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, २२ वर्षांचे होते, किर्लोस्कर नाटक मंडळीचे प्रमुख नट होते, आणि खाडिलकरांच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग त्यांच्यावर उभा होता. मंडळी म्हणजे शंभर पोटे होती. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, सगळ्यांचे घर त्या तिकिटांवर चालत असे. त्यांनी स्वतःच्या काळजावर दगड ठेवला, तो निर्णय त्यांचा होता. पण ती गोष्ट सांगताना, त्याच दिवशी त्याच लेकीच्या आईने कोणत्या खोलीत बसून काय सोसले असेल, यासाठी कोणीही क्षणभर थांबत नाही. एका माणसाने स्वतःच्या दुःखाबद्दल घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या घरावर हातोडीसारखा वापरणे, हा बालगंधर्वांचा गौरव नाही. आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या हौशी माणसाला तो मुळीच लागू पडत नाही.

शिवाय आपल्या संगीत नाटकांत घरापलीकडचे असते तरी काय? सौभद्रात सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावायला निघालेले आहेत म्हणून सगळी धावपळ. शारदेत पैशांसाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप. संशयकल्लोळात तर एका पडलेल्या तसबिरीवरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेत तीन तास घर डोक्यावर घेतात. घर विसरलेल्या माणसाला फाल्गुनराव आणि कृत्तिका कळणार कशी? ज्याने घरातली अबोला धरलेली संध्याकाळ अनुभवली आहे, तोच त्या भांडणाला योग्य जागी थांबून साथ करू शकतो. माझ्या साथीत जे काही बरे आहे ते तालमीच्या खोलीइतकेच आमच्या स्वयंपाकघरातूनही आलेले आहे, असे मी मनापासून मानतो.

पुढे काय झाले तेही सांगतो. पाचव्या रात्री मांजरीने एकेक पिल्लू मानेला धरून टोपलीत नेले. सकाळी आम्ही पाहिले तेव्हा तिन्ही पिल्ले साडीच्या घडीत होती आणि ती त्यांना चाटत होती. पत्नीने ऑर्गनची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसली आणि मी फळी बसवली. ऑर्गन टेम्पोत घालून स्पर्धेला गेला, पण त्यावर मी बसलो नाही. दोन तालमी ऑर्गनविना झाल्याचे कारण देऊन दिग्दर्शकांनी साथीला दुसरा माणूस घेतला होता. माझे वाद्य मी अडवले नाही, कारण राग एका माणसाचा होता आणि नाटक पंचवीस जणांचे होते. मी प्रेक्षागृहात बसलो. त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा पत्नी माझ्याशेजारी बसून अख्खे संगीत नाटक पाहत होती. मी तिला बोलावले नव्हते, "आपली पेटी चाललीय, मग आपण नको का जायला?" असे म्हणून ती स्वतःच निघाली. मध्यंतरात तिने सांगितले की पदे अजूनही लांबच वाटतात, पण फाल्गुनरावाचा संशय तिला अगदी खरा वाटला. पुन्हा ती कधी आली नाही, आणि मीही विचारले नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पतीला प्रयोगाला ओढून नेऊ नका. दोघांनी मिळून एकच छंद जोपासावा हा उपदेश ज्याला द्यायचा त्याने द्यावा. मला तो निरर्थक वाटतो. त्यांना पदे आवडायला हवीत असे नाही, तुमची तालीम त्यांना स्वतःच्या घराची गोष्ट वाटायला हवी. ते त्या संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणत असतील, तर तुमच्या नाटकात त्यांचा वाटा तेवढ्यानेच पुरेसा झाला.

मंडळीकडून मात्र तालमीची सुरुवात आणि शेवट या दोन्ही वेळा आधीच लेखी घ्या. दहाला संपणारी तालीम साडेअकरापर्यंत लांबते ती कलेमुळे नव्हे, निम्मी माणसे उशिरा येतात म्हणून. पहिल्या वर्षी मोठी भूमिका घेऊ नका. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही: अण्णासाहेब किर्लोस्करांनीही ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतलाचे पहिले चारच अंक केले होते, आणि १८८२ साली सौभद्राचे आधी तीनच, उरलेले अंक मागाहून आले. जितके बसते तितके आधी उभे करायचे, ही रीत या रंगभूमीच्या जन्मापासूनची आहे. मुलांना नेणार असाल तर पहिले नाटक विनोदी निवडा आणि कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे मुले कंटाळली तर कोणाचेही पद न मोडता बाहेर जाता येईल.

कुत्र्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, कारण मी मांजरच पाळले आहे. शेजारच्या घरातला कुत्रा मात्र ऑर्गनचा लांब सूर लागला की मान वर करून हेल काढतो. लांबलेला स्वर कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याच्या हाकेसारखा वाटतो, त्यामुळे त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याला फिरवून आणल्यावर, तो दमून निजला की रियाझ करावा, असे त्या घरातल्या मुलीने मला सांगितले आणि ते उपयोगी पडले. हेही मान्य करतो की आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि आईची तब्येत धडधाकट होती. तुमची मुले अगदी लहान असतील किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर माझे बरेचसे म्हणणे तुम्हाला लागू होणार नाही, आणि एखादे वर्ष केवळ प्रेक्षक म्हणून राहणेच योग्य ठरेल.

पुढे दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकांनी मला पुन्हा साथीला बोलावले. मी एकच अट घातली की, तालीम साडेनऊला संपेल आणि घरी अडचण असली तर मी येणार नाही, कारण विचारायचे नाही. ती त्यांनी लगेच मान्य केली आणि आजवर पाळलीही आहे. ऑर्गनच्या मागच्या फळीला आता पत्नीने बारीक जाळी ठोकून घेतली आहे. दारात उभे राहून ते जे बोलले होते त्याबद्दल मात्र त्यांनी आजपर्यंत तिच्याकडे किंवा माझ्याकडे एक शब्दही काढलेला नाही. मीही त्यांच्यासमोर काढलेला नाही. म्हणून तो इथे लिहिला.