न्यूमोकोकल लस : डोस घटले, बूस्टरचे वजन वाढले

प्रश्न : आमच्याकडे पीसीव्हीचे (न्यूमोकोकस जंतूंविरुद्धच्या लशीचे) तान्हेपणी तीन डोस होते, आता दोन डोस आणि बूस्टर असे वेळापत्रक आले आहे. दोन डोस झालेल्या बाळांचे काय करायचे?

उत्तर : आधी कार्ड उघडून दोन डोसांमधले अंतर मोजा. 8 आठवडे असेल तर उत्तमच. दुसरा डोस 4 आठवड्यांनीच दिला गेला असला, तरी तो बाद धरून पुन्हा देऊ नका. तान्हेपणीचा तिसरा आता नको. थेट बूस्टर द्या, 9 ते 18 महिन्यांदरम्यान तुमच्या लसीकरण कार्यक्रमात जे वय ठरले असेल त्या वयाला.

खरी गफलत इथेच होते. सुरुवातीचे डोस इतर लशींसोबत उरकतात, कारण बाळाला घेऊन आई येतच असते. बूस्टरपर्यंत मधे कित्येक महिने जातात, मूल धडधाकट दिसते आणि कार्ड कपाटात पडून राहते. पण प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने) पुन्हा वर नेणारा आणि नाक-घशातले जंतूंचे बिऱ्हाड कमी करणारा डोस तोच. जंतूंचा वावर घटला की लस न घेतलेल्यांचेही रक्षण होते. ब्रिटनने 1 जानेवारी 2020 पासून जन्मलेल्या बाळांसाठी 8 आणि 16 आठवड्यांचे दोन डोस काढून 12 आठवड्यांचा एकच ठेवला, तो एक वर्षाच्या बूस्टरच्या भरवशावर. शिवाय तिथे ही लस 2006 पासून चालू असल्याने जंतूंचा वावर आधीच घटला होता. म्हणून दुसरा डोस दिला त्याच दिवशी बूस्टरची तारीख कार्डावर लिहा आणि नोंदवहीत महिनावार यादी ठेवा. पालकांच्या लक्षात राहील यावर विसंबू नका.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाला एकही डोस झालेला नाही. आता तान्ह्या बाळासारखे सगळे डोस द्यायचे?

उत्तर : नाही. 12 ते 23 महिन्यांत 8 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. दोन वर्षे उलटलेल्या निरोगी मुलाला एकच. प्लीहा नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलांना मात्र कमी डोसांचे वेळापत्रक लावू नका, त्यांना जादा डोस लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेपासूनच मोजायचे.

प्रश्न : कुपीच्या तळाशी पांढरा साका दिसतो. लस खराब झाली का?

उत्तर : लशीत ॲल्युमिनियम फॉस्फेट असते, ते खाली बसते. जोरात हलवा, द्रव एकसारखा दुधी झाला की 0.5 मिलि मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूत द्या. हलवूनही गुठळ्या राहिल्या तर कुपी बाद. साठवण 2 ते 8 अंशांत. एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर नीट दिसली तरी वापरू नका. बर्फाच्या पॅकला चिकटून ठेवलेल्या कुप्या अशाच गोठतात.