होडी धक्क्याला, पक्षी होडीवर: वाचकांचे प्रश्न

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमची फायबरची होडी उभी असते. कावळे, बगळे, घारी दिवसभर टपावर. प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं. चार दिवस कोणी फिरकलं नाही, पाचव्या दिवशी कावळा त्याच्याच डोक्यावर! आता काय करू?

जे हलत नाही त्याला कावळा भीत नाही. चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी यांचंही तेच. लावायच्या असतील तर दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. पण त्याआधी पक्षी कशासाठी येतात ते शोधा. अशाच तक्रारीवरून मी एका होडीवर चढलो होतो. वरून सगळं धुतलेलं, लख्ख. फळी उचलली तर खाली बांगड्याची आतडी, घडी घातलेल्या जाळ्याच्या गाठींत वाळलेला जवळा, पाणी जायचं भोक खवल्यांनी तुंबलेलं. कावळा चोच घालून नेमकं तेच उपसत होता. माल उतरला की त्याच तासात फळ्या उचलून धुवा, जाळी झटकून झाकून ठेवा. हे झाल्याशिवाय बाकीच्या उपायांवर पैसे घालू नका.

मग बसायची जागा मोडा. रेलिंगच्या वर चार बोटं अंतरावर जाड तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) ताणून बांधा. पाय टेकायला गेलं की तंगूस छातीला लागते आणि पक्षी तोल सावरत उडून जातो. सपाट टपावर अशाच ओळी हातभर अंतराने घ्या आणि मध्ये मध्ये पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे उडत्या पक्ष्याला त्या दिसतील. फाटकं जाळं मात्र नुसतं टाकून ठेवू नका. त्यात पाय अडकून बगळा तडफडून मरतो, आणि ते पाहवत नाही.

मुंबईत गेटवेजवळ आमची शिडाची बोट नांगरलेली असते. हिवाळ्यात कुरवांच्या (सीगल) शिटेने शिडाचं आवरण आणि डेक खराब होतात. डाग निघत नाहीत.

कुरव आपल्याकडे थंडीचे पाहुणे, मार्चनंतर हळूहळू परततात. लाँचमधून लोक त्यांना गाठ्या-शेव घालतात, म्हणून ते तिथेच घुटमळतात. तुमच्या पाहुण्यांना तरी हे करू देऊ नका. त्या खाण्यात पक्ष्यांचंही भलं नाही.

डागांचं म्हणाल तर शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. उन्हात ते रंगात आणि फायबरच्या वरच्या थरात मुरतं. सुकलेलं कधीच खरवडू नका. चरा तर पडतोच, शिवाय ती धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. ओलं फडकं अर्धा तास टाकून ठेवा, तोंडाला मास्क बांधा, मग मऊ ब्रशने साबणपाण्याने धुवा. फरशीचं ॲसिड अजिबात नको.

पावसाळी मासेमारी बंदीत होडी वर ओढून शाकारून ठेवली. केबिनमध्ये पारव्याने अंडी घातली आहेत. काढून टाकू का?

नुसत्या काड्या असत्या तर काढा म्हटलं असतं. अंडी आहेत, तर थांबा. साधारण अठरा दिवसांत पिल्लं निघतात आणि पुढे महिनाभरात उडतात. बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. अंडी जूनच्या सुरुवातीची असतील, तर होडी पाण्यात जायच्या आत घरटं रिकामं होईल. तोवर खाली जुनं पोतं अंथरा. पिल्लं गेली की घरटं भिजवून काढा आणि केबिनची फट जाळीने बंद करा. पुढच्या वर्षी झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधतानाच कडा घट्ट आवळा, आणि आठवड्यातून एकदा आत डोकावत जा. आमच्याकडची बहुतेक घरटी कुणी डोकावत नाही म्हणूनच होतात.

आमचे तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणतात, मेलेला कावळा डोलकाठीला टांगा, बाकीचे येणार नाहीत.

तांडेलांचा अनुभव खोटा नाही, कावळे काही दिवस कालवा करतात आणि दूर राहतात. तरीही टांगू नका. जानेवारी 2021 मध्ये दापोलीकडच्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. ज्या होडीत माणसं जेवतात, मासळी ठेवतात, तिथे असा पक्षी हाताळायचाच नाही. एकाच वेळी बरेच कावळे मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. विष किंवा चिकट गोंद लावायचा विचारही करू नका. ते गुन्ह्यात बसेल, आणि विष खाल्लेला पक्षी तुमच्याच मासळीच्या टोपलीत येऊन पडेल.